परिस्थितीनुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणाली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि चालू सेवांची देखभाल करणारे अभियंते पुन्हा पुन्हा पाठवतात. उदाहरणे मुख्यतः वेब सेवांची आणि क्लाउडची घेतली आहेत, कारण बहुतेक वाचकांचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वतःला जुळवून घेणारी प्रणाली नेमकी कशाला म्हणायचे? आमच्या प्रोग्रॅममध्येही शेकडो ‘इफ-एल्स’ आहेत. मग तोही तसाच नाही का?

नाही. इनपुट बदलले की वेगळे उत्तर देणे हे कोणत्याही प्रोग्रॅमचे कामच आहे. येथे बदलते ती प्रणालीची स्वतःची ठेवण: किती सर्व्हर चालू ठेवायचे, कोणता घटक कोणाशी जोडायचा, उत्तरात किती तपशील द्यायचा, किती वेळ वाट पाहून विनंती सोडून द्यायची. हे बदल प्रणाली चालू असतानाच होतात, दर वेळी माणसाने आज्ञा देण्याची गरज नसते, आणि ते एखाद्या ठरवून दिलेल्या उद्दिष्टासाठी होतात.

या विषयात दोन भाग वेगळे धरण्याची पद्धत आहे. एक भाग प्रत्यक्ष काम करतो, म्हणजे तिकिटे विकतो, व्हिडिओ दाखवतो. दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवून त्यात फेरफार करतो. हा दुसरा भाग बंद केला, तर पहिला कदाचित रखडत पण चालू राहतो का, ही मी वापरतो ती कसोटी आहे. फेरफाराचे नियम मूळ कोडमध्ये जागोजागी विखुरलेले असतील तर ही कसोटी लावताच येत नाही, आणि मग त्या नियमांच्या मर्यादा तपासणेही अशक्य होऊन बसते.

२. ही कल्पना क्लाउडबरोबर आली का?

क्लाउडच्या बरीच आधीची आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये इंटरनेटवर गर्दीमुळे वाहतूक कोलमडण्याचे प्रकार सुरू झाले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यातील अंतर सुमारे ४०० यार्ड. त्या टप्प्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा की, पाठवणाऱ्या संगणकाने पोचपावत्यांवरून वाटेतल्या गर्दीचा अंदाज घ्यावा, पॅकेट (माहितीचा तुकडा) हरवले की वेग एकदम कमी करावा आणि नंतर हळूहळू वाढवावा. आज तुमच्या फोनमधला टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याची नियमावली, हेच तत्त्व पाळतो. मला विचाराल तर जगातील सर्वांत यशस्वी स्वयं-अनुकूल सॉफ्टवेअर हेच आहे, जरी कोणी त्याला त्या नावाने हाक मारत नसले तरी.

स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून याला आकार आला तो आयबीएमच्या पॉल हॉर्न यांनी ऑक्टोबर २००१ मध्ये ‘ऑटोनॉमिक कम्प्युटिंग’ची हाक दिल्यानंतर. प्रणाली इतक्या गुंतागुंतीच्या होत चालल्या आहेत की त्या सांभाळायला माणसे पुरणार नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद होता. जानेवारी २००३ मध्ये केफार्ट आणि चेस यांच्या लेखाने चार गुण पुढे ठेवले: स्वतःची मांडणी स्वतः करणे, बिघाड स्वतः दुरुस्त करणे, कामगिरी स्वतः सुधारणे आणि स्वतःचे रक्षण करणे.

३. प्रत्येक ठिकाणी ‘मेप-के’ असा उल्लेख येतो. तो सोप्या भाषेत समजावून सांगाल का?

मॉनिटर, अ‍ॅनलाइझ, प्लॅन, एक्झिक्यूट आणि या चौघांनी मिळून वापरायचे नॉलेज, यांची ती आद्याक्षरे आहेत. मोजा, मोजलेल्याचा अर्थ लावा, काय करायचे ते ठरवा, करा, आणि पुन्हा मोजा, असा तो फेरा आहे. यातील ‘नॉलेज’ हा भाग विद्यार्थी आकृतीत एक चौकट काढून सोडून देतात; प्रत्यक्षात बहुतेक मोठे अपघात तेथेच होतात, कारण फेरा प्रणालीकडे थेट पाहत नाही, प्रणालीविषयीच्या आपल्याकडील नोंदीकडे पाहतो. ती नोंद जुनी किंवा अर्धवट असेल, तर पुढचे तिन्ही टप्पे बिनचूक चालूनही निर्णय चुकतो. प्र. ११ आणि प्र. १२ मध्ये याची उदाहरणे आहेत.

४. एक खरा फेरा आकड्यांसह दाखवाल का?

कुबरनेटीस ही सर्व्हरवर सेवांच्या प्रती चालवणारी प्रणाली आहे; अशा एका चालू प्रतीला पॉड म्हणतात. तिच्यातील, पॉड्सची संख्या वाढवणारा-कमी करणारा हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर घेऊ. तो मूळ सेटिंगप्रमाणे दर १५ सेकंदांनी मोजमाप पाहतो. हिशेब साधा आहे: सध्याच्या पॉड्सची संख्या गुणिले प्रत्यक्ष वापर भागिले अपेक्षित वापर, आणि आलेला अपूर्णांक वरच्या पूर्ण संख्येत. समजा ४ पॉड्स चालू आहेत, अपेक्षित सीपीयू वापर ६० टक्के ठरवला आहे आणि प्रत्यक्ष सरासरी ९० टक्के निघाली. ४ गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे ६. दोन पॉड्स वाढतील. सरासरी ६३ टक्के निघाली, तर गुणोत्तर १.०५ येते आणि काहीच होत नाही, कारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक दुर्लक्षित करायचा असे मूळ सेटिंग आहे.

संख्या कमी करताना मात्र तो मुद्दाम सावकाश चालतो. गेल्या ५ मिनिटांत जेवढ्या शिफारशी निघाल्या, त्यांतली सर्वांत मोठी तो धरतो, म्हणजे क्षणभर गर्दी ओसरली म्हणून पॉड्स लगेच बंद होत नाहीत. वाढवताना असे थांबणे नाही. या असमतोलात एक निर्णय दडलेला आहे: थोडे पैसे जास्त गेले तर चालतील, पण ग्राहक ताटकळता कामा नये. तुमच्या सेवेत हे गणित उलटे असेल, तर मूळ सेटिंग तुमच्यासाठी चुकीचे आहे.

एक खाचखळगा येथेच सांगतो. ही टक्केवारी मशीनच्या क्षमतेची नसते, पॉडसाठी तुम्ही मागणी म्हणून लिहिलेल्या सीपीयूची असते. ती मागणी लिहिलीच नसेल तर टक्केवारी काढता येत नाही आणि ऑटोस्केलर त्या मोजमापावर काहीही करत नाही. ‘लावले आहे पण चालत नाही’ अशा तक्रारींमध्ये मी सर्वप्रथम हेच पाहायला सांगतो.

५. म्हणजे सर्व्हर वाढवणे-कमी करणे एवढेच यात येते का?

तेवढेच करणाऱ्या प्रणाली सर्वांत जास्त दिसतात, म्हणून तसे वाटते. खरे तर सर्व्हर वाढवणे हा महागडा आणि उशिरा लागू पडणारा उपाय आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड गार्लन आणि सहकाऱ्यांनी ‘रेनबो’ ही चौकट विकसित केली. तिच्या नेहमीच्या उदाहरणातील बातम्यांचे संकेतस्थळ लोड वाढला की चित्रे-व्हिडिओ गाळून फक्त मजकूर देऊ लागते. ‘ब्राउनआउट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत उत्तराचा ऐच्छिक भाग, उदाहरणार्थ ‘तुम्हाला हेही आवडेल’ ही यादी, किती टक्के विनंत्यांना द्यायचा हे सतत कमी-जास्त केले जाते. हा बदल पुढच्याच विनंतीपासून लागू होतो. नवा सर्व्हर उभा राहायला मिनिटे जातात. नेटची गती पाहून व्हिडिओचा दर्जा बदलणारा प्लेअर याच कुटुंबातला.

६. ‘शक्य तितक्या लवकर उत्तर द्यावे’ अशा गोष्टी गरजांच्या दस्तऐवजात कशा लिहायच्या?

आधी दोन ढीग करा: कधीही न वाकणाऱ्या गरजा आणि अडचणीच्या वेळी सैल करता येणाऱ्या गरजा. एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत, ही पहिल्या ढिगातली. शिफारशी एका सेकंदात दिसाव्यात, ही दुसऱ्या. २००९ च्या सुमारास मांडलेली ‘रिलॅक्स’ ही भाषा नेमक्या याच कामासाठी आहे: कोणती गरज कोणत्या अनिश्चिततेपुढे किती झुकू शकते, ते ती लिहून ठेवायला लावते. भाषा वापरा किंवा वापरू नका, पण ही विभागणी व्यवसायाची बाजू सांभाळणाऱ्यांकडून करून घ्या. ती झाली नाही, तर लोड वाढल्यावर काय सोडायचे हे कोड लिहिणारा माणूस रात्री एकट्याने ठरवतो.

७. आमच्या पॉड्सची संख्या दिवसभर वर-खाली होत राहते. हे नेहमीचे आहे का?

गर्दी खरोखर तशी वर-खाली होत नसेल, तर नाही. कृती आणि तिचा परिणाम दिसणे यांत वेळ गेला की असे हेलकावे येतात. गिझर दूर असलेल्या न्हाणीघरात गरम पाणी यायला वेळ लागतो, म्हणून आपण नळ आणखी फिरवतो आणि मग एकदम चटका बसतो, फेऱ्याचेही तसेच. पॉड उभा राहून कामाला लागायला दोन मिनिटे लागत असतील आणि मोजमाप दर १५ सेकंदांनी होत असेल, तर पहिल्या वाढीचा परिणाम दिसण्याआधीच फेरा आणखी वाढवण्याचे ठरवतो. उपाय या क्रमाने करून पाहा: पॉड लवकर तयार होईल असे करा, वाढवतानाही थोडे थांबायला लावा, एका वेळच्या बदलाला कमाल मर्यादा घाला, मग अपेक्षित टक्केवारीला हात लावा. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

हेलकाव्यांना किरकोळ त्रास समजू नये. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ या अमेरिकी संशोधन विमानाच्या अपघातात वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स मृत्युमुखी पडले. विमानाच्या अनुकूली नियंत्रण यंत्रणेने आपली संवेदनक्षमता परिस्थितीनुसार आपणच ठरवावी अशी रचना होती. गिरकीतून विमान बाहेर आले, पण यंत्रणेची संवेदनक्षमता कमाल पातळीवरच राहिली, आंदोलने थांबेनात आणि विमान हवेतच तुटले. ती यंत्रणा सॉफ्टवेअरची नव्हती, तरी नियंत्रणाचे गणित तेच आहे.

८. पॉड्स वाढवले, तरी सेवा हळूच. उलट आणखी हळू झाली. असे का?

कारण अडथळा दुसरीकडे आहे, आणि नव्वद टक्के वेळा नसला तरी बऱ्याचदा तो डेटाबेसमध्ये असतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगप्रमाणे १०० कनेक्शन्स स्वीकारतो, त्यांपैकी ३ सुपरयूजरसाठी (सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखीव, उरली ९७. जावाच्या सेवांत नेहमी वापरला जाणारा हिकारी कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा) मूळ सेटिंगप्रमाणे प्रत्येक पॉडमागे १० कनेक्शन्स धरतो. नऊ पॉड्सपर्यंत सगळे सुरळीत. दहाव्या पॉडला पूर्ण पूल मिळत नाही आणि लॉगमध्ये कनेक्शन नाकारल्याच्या ओळी येऊ लागतात.

गंमत अशी की कमाल मर्यादा ८ पॉड्सची ठेवली तरीही हे घडू शकते. नवीन व्हर्जन टप्प्याटप्प्याने आणताना कुबरनेटीस मूळ सेटिंगप्रमाणे २५ टक्के जादा पॉड्स उभे करू शकतो. ८ चे १० होतात, १० गुणिले १० म्हणजे १००, आणि उपलब्ध ९७. म्हणून ही चूक नेमकी डिप्लॉयच्या वेळी दिसते आणि सगळे नव्या कोडला दोष देतात.

फेरा जर प्रतिसादाच्या वेळेवर चालत असेल, तर डेटाबेस दमल्यावर तो आणखी पॉड्स वाढवून त्याच डेटाबेसवर आणखी भार टाकतो. कमाल मर्यादा ठरवताना पैशांइतकाच खालच्या थराच्या क्षमतेचा हिशेब हवा.

९. दहावीचा निकाल, तत्काळ तिकिटे, क्रिकेटचा सामना, अशी गर्दी ठरलेल्या वेळी येते. तेथे प्रणालीने स्वतः शिकून जुळवून घ्यावे का?

वेळ आधीच माहीत असताना प्रणालीला ती शोधायला लावण्यात अर्थ नाही. राज्य मंडळाचा निकाल दुपारी १ वाजता लागतो; वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० ला, इतर वर्गांचे ११ ला उघडते. अशा वेळी गर्दी काही सेकंदांत चढते, आणि मोजून मग हालचाल करणारा फेरा ती गाठू शकत नाही. क्षमता आधीच वाढवून ठेवावी आणि फेऱ्याकडे फक्त अनपेक्षित फरक सांभाळण्याचे काम द्यावे.

हॉटस्टारचे उदाहरण यासाठी मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक जोडलेले होते. त्यांच्या अभियंत्यांनी जाहीरपणे मांडल्याप्रमाणे, क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगवर ते विसंबले नव्हते. इतके लाख प्रेक्षक म्हणजे इतके सर्व्हर, अशी शिडी त्यांनी आधी ठरवली होती आणि प्रेक्षकसंख्येनुसार पुढच्या पायरीची क्षमता वेळेआधी उभी केली जाई. सीपीयूकडे पाहण्यापेक्षा प्रेक्षकसंख्येकडे पाहणे शहाणपणाचे, कारण सीपीयू हा परिणाम आहे आणि प्रेक्षक हे कारण.

धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षकसंख्या झपाट्याने कोसळली. वरवर पाहता हा सर्व्हर कमी करण्याचा क्षण वाटेल. पण सामना सोडणारा प्रेक्षक ‘बॅक’ दाबून मुखपृष्ठावर येतो, आणि मुखपृष्ठाला व्हिडिओपेक्षा वेगळ्याच सेवा लागतात. एकीकडचा भार ओसरताना दुसरीकडचा उसळतो. एकच आकडा पाहणाऱ्या फेऱ्याला हे दिसत नाही.

उलट बाजूचा सापळाही आहे. सेवा बंद पडली की येणारी वाहतूक घटते, फेरा समजतो की गर्दी नाही, सर्व्हर कमी करतो, आणि सेवा परत सुरू होताच सगळे ग्राहक एकदम येऊन धडकतात. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये ‘स्क्रायर’ ही अंदाजावर चालणारी व्यवस्था जाहीर करताना दिलेल्या कारणांत हे एक होते.

१०. नवीन व्हर्जन डिप्लॉय केले की पॉड्स एकदम दोनवर येतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढतात. ऑटोस्केलर बिघडला आहे का?

ऑटोस्केलर ठीक आहे. तुमच्या डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये रिप्लिकांची (चालू ठेवायच्या पॉड्सची) संख्या २ लिहिलेली आहे आणि प्रत्येक डिप्लॉयबरोबर ती पुन्हा लागू होते. ती ओळ काढून टाका. ऑटोस्केलर असताना ती संख्या फाइलमध्ये ठेवू नये, असे अधिकृत मार्गदर्शनच आहे. मात्र आधीपासून चालू असलेल्या सेवेतून ती ओळ काढताना संख्या एकदा १ वर येऊ शकते, त्यामुळे ती पायरी मार्गदर्शनात सांगितलेल्या क्रमानेच करा. यामागचे मूळ दुखणे पुढील प्रश्नात आहे.

११. एकाच प्रणालीवर दोन फेरे चालू असतील तर काय होते?

दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी बदलल्या आणि वेगवेगळे आकडे पाहिले, तर सहसा निभावते. दोघांचा हात एकाच गोष्टीवर असेल, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामाला बाहेरचा बिघाड समजून तो दुरुस्त करतो. पॉडची संख्या बदलणारा आणि पॉडचा आकार (त्याला मिळणारी सीपीयू-मेमरी) बदलणारा, असे दोन्ही ऑटोस्केलर एकाच सीपीयूच्या आकड्यावर लावू नयेत, ते यासाठी.

रेडिटमध्ये ११ ऑगस्ट २०१६ रोजी जे घडले ते या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर आहे. त्यांचा ऑटोस्केलर झूकीपर या प्रणालीतील नोंदी वाचत असे. त्या नोंदी नव्या ठिकाणी हलवायच्या होत्या, म्हणून अभियंत्यांनी ऑटोस्केलर हाताने बंद केला. पॅकेज सांभाळणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेला हा हाताने केलेला बदल दिसला. ठरलेल्या स्थितीपेक्षा वेगळे काही दिसले की ते पूर्ववत करायचे, हे तिचे काम, म्हणून तिने ऑटोस्केलर पुन्हा सुरू केला. त्याने अर्धवट हललेल्या नोंदी वाचल्या आणि १६ सेकंदांत कित्येक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि कॅश (माहितीचा तात्पुरता साठा ठेवणारे) सर्व्हर बंद करून टाकले. दोन्ही यंत्रणांनी सांगितलेले काम चोख केले होते.

यातून दोन नियम घ्यावेत. फेरा थांबवायचा असेल, तर तो ज्या जागी ‘चालू असावा’ असे लिहिलेले आहे तेथेच बदल करावा. आणि एका झटक्यात किती टक्के सर्व्हर बंद करता येतील याला कडक मर्यादा असावी. ती ओलांडायची वेळ आली की फेऱ्याने थांबून माणसाला हाक मारावी.

१२. मोजमापच आले नाही, किंवा चुकीचे आले, तर फेऱ्याने काय करावे?

न आलेले मोजमाप शून्य धरणे हा सर्वांत घातक पर्याय, आणि दुर्दैवाने कोडमध्ये तो आपोआप होऊन जातो. प्र. ४ मधील ऑटोस्केलर हे कसे हाताळतो पाहा. काही पॉड्सचे आकडे मिळाले नाहीत, तर संख्या कमी करण्याचा विचार चालू असताना तो त्या पॉड्सचा वापर अपेक्षेच्या १०० टक्के धरतो. वाढवण्याचा विचार चालू असताना ० टक्के धरतो. म्हणजे अज्ञान कोणत्याही दिशेचे असो, हालचाल कमीच होते. तुम्ही स्वतःचा फेरा लिहीत असाल तर ही युक्ती जशीच्या तशी उचला. शिवाय प्रत्येक आकड्यासोबत तो कधी मोजला ती वेळ ठेवा, आणि जुन्या आकड्यावर सर्व्हर बंद करण्यासारखी कृती करू देऊ नका.

वय तपासतानाही सावध असावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील पूर्वेकडच्या विभागात डायनामोडीबी हा डेटाबेस कोलमडला. डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदी बदलणाऱ्या स्वयंचलित घटकांपैकी एक खूप रेंगाळला. ‘माझी योजना नवीच आहे’ ही तपासणी त्याने सुरुवातीला केली होती. ती योजना तो प्रत्यक्ष लागू करेपर्यंत जुनी झाली होती. दुसऱ्या घटकाच्या साफसफाईने ती जुनी योजना पुसली, आणि सेवेच्या पत्त्याची नोंद रिकामी राहिली. या अवस्थेतून स्वयंचलित व्यवस्थेला बाहेर पडता येईना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्ती केली. तपासणी आणि कृती यांच्यात वेळ जात असेल, तर कृतीच्या क्षणी पुन्हा तपासावे.

१३. सर्किट ब्रेकर आणि रिट्राय यांना स्वतःला जुळवून घेणे म्हणता येईल का?

सर्किट ब्रेकरला, म्हणजे सतत फसणाऱ्या सेवेकडे विनंत्या पाठवणे काही काळ थांबवणाऱ्या रचनेला, म्हणता येईल. नेटफ्लिक्सच्या ‘हिस्ट्रिक्स’ या तयार कोडसंचात मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांत किमान २० विनंत्या आल्या आणि त्यांपैकी ५० टक्के फसल्या, तर पुढच्या विनंत्या तेथल्या तेथे परतवल्या जात, ५ सेकंदांनी एक विनंती सोडून पाहिली जाई. हिस्ट्रिक्सचा विकास २०१८ मध्येच थांबला असला, तरी ही रचना आजही सर्वत्र आहे.

रिट्राय, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवणे, मात्र नुसता असेल तर घातकच. तीन थर एकाखाली एक आहेत आणि प्रत्येक थर अपयश आल्यास एकूण ३ वेळा प्रयत्न करतो असे धरा. ग्राहकाच्या एका विनंतीमागे या तिन्हींच्या खाली असलेल्या, आधीच दमलेल्या सेवेवर २७ धडका बसतात. रिट्राय एकाच थरावर ठेवावा, दोन प्रयत्नांतील अंतर वाढवत न्यावे आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा, म्हणजे सगळे ग्राहक एकाच क्षणी परत येणार नाहीत.

१४. मशीन लर्निंग लावले की नियम लिहायची गरज संपते का?

नियमांच्या काही भागाची संपते, मर्यादांची नाही. पुढच्या तासाची गर्दी ओळखणे, किंवा हजारो शक्य मांडण्यांपैकी तपासण्याजोग्या मोजक्या निवडणे, ही कामे शिकणारी मॉडेल्स चांगली करतात. पण स्वतःला जुळवून घेण्याची खरी गरज भासते ती पूर्वी न घडलेल्या परिस्थितीत, आणि मॉडेल शिकलेले असते ते घडून गेलेल्यावर. चालू सेवेवर प्रयोग करून शिकू देणेही परवडत नाही, कारण प्रत्येक चुकलेला प्रयोग कोणा ग्राहकाच्या वाट्याला येतो. मॉडेलने सुचवावे, आणि त्याच्याबाहेर हाताने लिहिलेल्या साध्या तपासण्यांनी ती सूचना अडवता यावी, ही रचना मला योग्य वाटते.

१५. अशी प्रणाली बरोबर चालेल हे आधी सिद्ध करता येते का?

काही अंशी. नासाच्या डीप स्पेस वन यानावर मे १९९९ मध्ये ‘रिमोट एजंट’ या सॉफ्टवेअरने यानाचे नियोजन आणि बिघाडांवरील उपाय स्वतः सांभाळले. उड्डाणाआधी, १९९७ मध्ये, त्याच्या एका भागाची स्पिन या मॉडेल चेकरने (प्रोग्रॅमच्या शक्य अवस्था एकेक करून तपासणाऱ्या साधनाने) तपासणी होऊन समांतर कामांतील चुका सापडल्या होत्या. अंतराळात प्रयोग चालू असताना सॉफ्टवेअर अडकले. कारण निघाले त्याच जातीची चूक, पण कोडच्या दुसऱ्या भागात. दुरुस्ती पृथ्वीवरून हाताळली गेली आणि प्रयोगाची उद्दिष्टे पूर्ण झाली. औपचारिक तपासणी उपयोगी आहे. ती जेवढ्या भागावर केली तेवढ्याच भागाची हमी मिळते. संभाव्यतेचा हिशेब करणाऱ्या प्रिझमसारख्या साधनांनी प्रणाली चालू असतानाही पर्याय तपासता येतात.

रोजच्या कामात यापेक्षा साधा मार्ग म्हणजे फेऱ्याला आधी काही दिवस फक्त शिफारस करू द्यावी. पॉडचा आकार बदलणाऱ्या ऑटोस्केलरमध्ये तशी सोय आहे: तो काय केले असते ते सांगतो, करत काही नाही. त्या शिफारशी आणि अनुभवी माणसाने घेतले असते ते निर्णय शेजारी ठेवून पाहा. नंतर मुद्दाम बिघाड घडवून पाहा, आणि तो मोजमापाच्या यंत्रणेतही घडवा; सर्व्हर पाडून पाहणारे पुष्कळ असतात, मोजमाप पाडून पाहणारे थोडे.

१६. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी क्लाउडचा खर्च न करता काय करता येईल?

संशोधकांनी तुलनेसाठीच तयार करून खुली ठेवलेली उदाहरणे वापरा. ‘स्विम’ हा वेब सेवेचा सिम्युलेटर आहे. त्यात सर्व्हरची संख्या आणि प्र. ५ मध्ये सांगितलेला ऐच्छिक भाग, या दोन्ही गोष्टी तुमच्या फेऱ्याला बदलता येतात. ‘डेल्टाआयओटी’ हे बेल्जियममधील केयू ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांचे सेन्सर जाळ्याचे उदाहरण आहे. प्रक्षेपणाची शक्ती बदलून बॅटरी वाचवायची आणि पॅकेट्सही हरवू द्यायची नाहीत, अशी ओढाताण त्यात सांभाळावी लागते. परीक्षकांसमोर चार आलेख दाखवण्यापेक्षा, तुमचा फेरा कोणत्या परिस्थितीत चुकतो हे दाखवाल तर प्रोजेक्ट उठून दिसेल.

१७. आणि फेराच बंद पडला तर?

प्रत्यक्ष काम करणारा भाग शेवटच्या ठाऊक मांडणीवर चालू राहिला पाहिजे. फेरा नसताना तो नवी क्षमता मिळवू शकणार नाही, पण आहे त्यावर हात तरी टाकणार नाही. म्हणूनच महत्त्वाच्या सेवेत एक विभाग गेला तरी पुरेल इतकी क्षमता आधीच चालू ठेवण्याची पद्धत आहे. बिघाडाच्या क्षणी नवे सर्व्हर मागावे लागले, तर ते देणारी यंत्रणाही त्याच बिघाडात सापडलेली असू शकते.

याच्या उलट अवस्था अधिक अवघड आहे: फेरा चालू आहे, पण त्याचे जगाशी नाते तुटले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटर्सना जोडणारे जाळे तुटले. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना नेमून दिले होते की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपण आजारी आहोत असे समजून इंटरनेटवर जाहीर केलेली आपल्याकडे येणारी वाट मागे घ्यावी. एखाद्या सर्व्हरपुरता हा नियम योग्यच आहे. त्या दिवशी सगळ्याच सर्व्हरनी तो एकाच वेळी पाळला, आणि सुमारे सहा तास सेवा दिसेनाशी झाली. अभियंत्यांची आतली साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने दुरुस्ती लांबली. आपण आजारी आहोत असे सगळ्यांनाच एकदम वाटू लागले, तर आजारी बहुधा मोजमाप किंवा वाट असते. तेव्हा ठरावीक टक्क्यांहून अधिक घटकांनी स्वतःला बाजूला काढू नये, अशी मर्यादा सर्वांवर मिळून घालावी. फेरा थांबवण्याचे बटण, त्याच्या निर्णयांच्या नोंदी आणि तो थांबल्याची सूचना देणारा अलार्म हे तिन्ही त्या फेऱ्यावर आणि त्याच्या जाळ्यावर अवलंबून नसलेल्या ठिकाणी ठेवावेत, आणि ते बटण वर्षातून काही वेळा दिवसाउजेडी दाबून पाहावे.